थ्री नॉट थ्री रायफलीचा लाकडी दस्ता : कारागिरी, जीर्णोद्धार आणि ऐतिहासिक साधनाचे वाचन

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचे लिखित व अलिखित असे वर्गीकरण आपण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवितो. अलिखित साधनांत वास्तू, भांडी, अलंकार आणि शस्त्रे यांचा उल्लेख करतो. परंतु शस्त्र प्रत्यक्ष हाती घेऊन ते कसे वाचावे, हे मात्र क्वचितच सांगतो. शस्त्रास्त्रांचा इतिहास बहुधा पल्ला, वेग, व्यास आणि लढाया यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. त्यात पोलाद बोलते, लाकूड मुके राहते.

प्रस्तुत लेखकाने महाविद्यालयीन जीवनात राष्ट्रीय छात्र सेनेच्या कवायतीत ‘थ्री नॉट थ्री’ रायफल खांद्यावर घेतली होती. त्या रायफलीचा मागचा दस्ता जवळजवळ काळा पडलेला, तर पुढचा दस्ता फिकट व निराळ्या रेषांचा होता. असे का, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही आणि विचारला असता तरी उत्तर देणारे कोणी नव्हते. पुढे अध्यापन करीत असताना ध्यानात आले की, तो दुरंगीपणा हा दोष नसून दस्तऐवज होता. कोणत्या तरी शस्त्रागारात कोणा कारागिराने तुटलेला दस्ता काढून नवा बसविला होता, आणि त्याच्या हाताची एवढीच खूण शिल्लक होती.

या खुणेचे वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. ली-एनफील्ड रायफलीच्या दस्त्याची रचना, नवा दस्ता बसविण्याची व त्यावर अंतिम हात फिरविण्याची पद्धती, आणि दस्ता बदलल्याने साधनाच्या अस्सलतेवर होणारा परिणाम, या तीन अंगांनी येथे विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बंदूकनिर्मिती भारताला अपरिचित नव्हती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादजी शिंदे यांच्या द ब्वाञ-प्रशिक्षित पलटणींसाठी आग्रा येथे सँग्स्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार होत होत्या. पुढे कंपनी सरकारच्या विस्ताराबरोबर ही स्वतंत्र निर्मिती लोपली. १८५७ च्या उठावाशी एनफील्ड रायफलीच्या काडतुसांचा संबंध सर्वश्रुत आहे. तथापि उठावानंतरचे शस्त्रविषयक धोरण त्याहून अधिक बोलके होते. ब्रिटिश पलटणींना नवे शस्त्र मिळाले की त्यांचे जुने शस्त्र देशी पलटणींकडे येई. म्हणजेच देशी शिपाई एक पिढी मागे ठेवला जाई. ब्रिटिशांच्या हाती ली-मेटफर्ड आली तेव्हा देशी शिपायाच्या हाती मार्टिनी-हेन्री होती. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य भारतीयास परवान्याविना शस्त्र बाळगणे निषिद्ध केले, मात्र युरोपियनांना त्यातून सूट राहिली.

जेम्स पॅरिस ली (१८३१–१९०४) याने कल्पिलेली बोल्टची रचना आणि इंग्लंडमधील एनफील्ड कारखान्याची नळीतील आट्यांची पद्धत यांच्या संयोगातून १८९५ मध्ये ली-एनफील्ड रायफल सिद्ध झाली. तिचा आखूड प्रकार १९०२ मध्ये स्वीकारला गेला, ‘मार्क तीन’ हे सुधारित रूप १९०७ मध्ये आले आणि युद्धकाळात निर्मिती सुलभ व्हावी म्हणून काही भाग वगळून केलेले ‘मार्क तीन तारांकित’ हे रूप १९१६ मध्ये आले. बंगालमधील हुगळीकाठच्या इच्छापूर (ईशापोर) येथे १९०४ मध्ये स्थापन झालेल्या रायफल कारखान्यात हीच रायफल तयार होऊ लागली. तिला लागणाऱ्या काडतुसांशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याने दीर्घकाळ ही काडतुसे पुरविली.

१९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्सच्या आघाडीसाठी निघालेल्या भारतीय तुकड्या मार्सेय बंदरात उतरल्यावर त्यांच्या जुन्या रायफली बदलून नव्या देण्यात आल्या. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणी याच कुळातील रायफली घेऊन लढल्या. स्वातंत्र्यानंतरही हे शस्त्र सेनेत राहिले. १९६२ च्या चीनविरुद्धच्या युद्धात आपल्या जवानांच्या हाती हीच रायफल होती. त्यानंतर इच्छापूरने याच रचनेवर ७.६२ मिलिमीटर काडतुसाची ‘टू-ए’ व ‘टू-ए-वन’ ही रूपे काढली. पोलीस दलांत तर मूळ रायफल एकविसाव्या शतकापर्यंत टिकली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित शस्त्रांशी सामना करताना काही पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्रीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला औपचारिक निरोप दिला.

सुमारे शतकभर वापरात राहिलेल्या शस्त्राचे पोलाद टिकते. लाकूड टिकत नाही. म्हणूनच या रायफलीच्या दीर्घायुष्याचा इतिहास हा पर्यायाने दस्ते बदलण्याचाही इतिहास आहे.

दस्त्याची रचना

अनेक समकालीन रायफलींचा दस्ता एकाच अखंड लाकडाचा असे. ली-एनफील्डचा दस्ता मात्र दुभागलेला आहे. खांद्याला टेकणारा मागचा दस्ता आणि नळीखाली जाणारा पुढचा दस्ता यांच्या मध्ये रायफलीच्या पोलादी धडाचीच एक खोबण येते. मागच्या दस्त्याचे निमुळते तोंड या खोबणीत बसते आणि दस्त्याच्या पोटातून आरपार जाणारा लांब बोल्ट त्याला धडाशी आवळतो. नळीच्या वरच्या अंगाला दोन लाकडी झाकणे असतात, जेणेकरून तापलेल्या नळीने हात भाजू नये.

या दुभागणीचे दोन लाभ होते. एक, लहान लाकूड पुरत असे आणि एक भाग तुटला तर दुसरा वाचत असे. दोन, शिपायाच्या अंगकाठीनुसार मागचा दस्ता निवडता येई. तो नेहमीच्या मापाखेरीज लांब, आखूड आणि अति-आखूड अशा मापांत मिळे. मापांमधील अंतर अर्ध्या इंचाचे असे आणि त्याचे आद्याक्षर लाकडावर ठोकलेले असे. आज एखाद्या जुन्या रायफलीवर असे अक्षर आढळले, तर तिच्या अनाम धारकाच्या शरीरयष्टीविषयीचा तो एकमेव पुरावा ठरू शकतो.

लाकडाची निवडही अभ्यसनीय आहे. अक्रोडाचे लाकूड या कामी श्रेष्ठ मानले गेले. ते घट्ट असूनही धारेखाली स्वच्छ कापले जाते, धक्का सोसते आणि नीट मुरल्यावर फारसे वाकत वा आक्रसत नाही. महायुद्धांच्या काळात अक्रोडाची टंचाई भासली तेव्हा बीच व बर्च या लाकडांचा आधार घ्यावा लागला. ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्याने (स्थापना १९१२) कोचवुड हे स्थानिक लाकूड वापरले आणि ते धक्क्याने दबू नये म्हणून मोक्याच्या जागी तांब्याच्या लहान पट्ट्या बसविल्या. इच्छापूरच्या रायफलींत मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा आरपार स्क्रू दिसतो. पुढचा दस्ता फाटू नये हा त्याचा हेतू. साम्राज्याचे शस्त्र एकच असले तरी प्रत्येक भूमीने त्यात आपले लाकूड आणि आपली युक्ती घातली, हे यावरून स्पष्ट होते.

नवा दस्ता बसविण्याची पद्धती

(अ) उकलणे : या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. प्रथम मॅगझिन, नंतर नळीच्या तोंडाशी असलेले आणि संगीन अडकविण्याच्या उपयोगाचे पोलादी टोपण व वरची झाकणे, त्यानंतर चापाच्या कड्याचे स्क्रू काढून पुढचा दस्ता सरळ खाली उतरवावा लागतो. मागच्या दस्त्याचा बोल्ट त्यानंतरच फिरवायचा. कारण या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असून ते पुढच्या दस्त्यात बसविलेल्या एका पट्टीच्या खाचेत अडकलेले असते. पुढचा दस्ता जागेवर असताना बोल्ट फिरविल्यास ती पट्टी पाचरीसारखी फिरून लाकूड फोडते. अनेक जुन्या दस्त्यांना मागील टोकाशी गेलेले तडे या घाईचेही फळ असू शकतात. तड्याचे असे निदान म्हणजे एका अर्थी साधनचिकित्साच होय.

(आ) मागचा दस्ता : नवे लाकूड खोबणीत बसविताना ते मुद्दाम किंचित जाड ठेवतात. खोबणीच्या आतील पृष्ठावर तेलात कालविलेली काजळी पातळ लावून दस्ता आत दाबायचा आणि बाहेर काढून पाहायचा. जेथे काळा डाग उमटला तेथे लाकूड टेकते आहे. तेवढेच कानशीने वा पटाशीने खरवडायचे. ही क्रिया अनेकदा करावी लागते. डाग सर्व बाजूंनी सारखे उमटू लागले म्हणजे बैठक जमली. नंतर लाकडी हातोड्याने ठोकून दस्ता तळापर्यंत बसवितात व बोल्ट आवळतात. बोल्टने केवळ बैठक धरून ठेवायची असते. सैल बैठकीची भरपाई त्याच्याकडून करून घ्यायची नसते.

(इ) पुढचा दस्ता : खरे कौशल्य येथे लागते. गोळी सुटताच रायफल मागे येते. हा प्रतिधक्का धडाच्या दोन पोलादी कानांमार्फत पुढच्या दस्त्यातील दोन लाकडी खांद्यांवर येतो. दोन्ही खांदे एकाच वेळी व सारख्या दाबाने टेकले पाहिजेत. एकच टेकला तर सारा भार त्याच्यावर येऊन लाकूड उभे चिरते. दस्त्याच्या मागील टोकाने धडाच्या खोबणीला टेकू नये, तेथे कागदाएवढी फट राहावी. अन्यथा खांद्यांनी घ्यावयाचा भार त्या नाजूक टोकावर जातो.

चापाच्या कड्याचा पुढचा स्क्रू लाकडातील एका लहान पोलादी नळकांड्यातून जातो. स्क्रू कितीही आवळला तरी लाकूड ठेचले जाऊ नये, ही त्याची योजना. परंतु लाकूड वाळून आक्रसले की तेच नळकांडे अडसर ठरते. स्क्रू घट्ट लागतो, पण लाकूड सैलच राहते. मुरलेला कारागीर म्हणूनच स्क्रू किती आवळला गेला यावर विसंबत नाही, दस्ता हाताने हलवून पाहतो.

नळीची बैठक हा अखेरचा टप्पा. नळी मागील जाड भागाशी लाकडावर नीट टेकलेली, त्यापुढे मोकळी, आणि तोंडाजवळ एका लहान स्प्रिंगने वर उचललेली असावी, असा संकेत आहे. लाकूड नळीला भलत्याच जागी एका बाजूने दाबू लागले, तर नळी तापल्यावर नेम सरकतो. म्हणजेच रायफलीची अचूकता ही केवळ पोलादाची देणगी नव्हे. नेमात सुताराचाही वाटा असतो.

अंतिम हात व जवसाचे तेल

बैठक जमल्यावर बाह्यांग घडविले जाते. जेथे लाकूड धातूला भिडते तेथे ते किंचित उंच ठेवण्याची रीत आहे, कारण पुढे ते थोडे दबते व आक्रसते. रंधा व कानस यांनी आकार आल्यावर पॉलिशपेपर रेषेच्या दिशेने फिरवितात. त्यानंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसून वाळू देतात. पाण्याने दबलेले तंतू उभे राहतात. ते पुन्हा घासून काढावे लागतात. दोन-तीन वेळा असे केल्यावर पावसाळी हवेतही पृष्ठ खरखरीत होत नाही.

त्यावर द्यावयाचे लेपन म्हणजे जवसाचे, अर्थात अळशीचे, तेल. हे तेल उडून जाऊन वाळत नाही, तर हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते. म्हणून पातळ हात द्यावा, तळव्याने चोळावा, जादा तेल पुसून घ्यावे आणि ते पूर्ण वाळल्यावरच पुढचा हात द्यावा. घाईने दिलेला जाड थर चिकट राहतो व धूळ धरतो. याच रासायनिक क्रियेमुळे तेलाची फडकी गोळा करून ठेवल्यास ती तापून आपोआप पेटू शकतात. ती पसरून वाळविणे अथवा पाण्यात बुडविणे आवश्यक आहे. जवसाचा लेप दमटपणा पूर्णतः रोखत नाही, त्याची गती मंदावतो. मात्र त्याचा मोठा गुण असा की, तो खरवडला गेला तरी सारा थर न काढता तेथेच पुन्हा तेल देता येते. चकचकीत व्हार्निशला हे साधत नाही.

याही ठिकाणी आपल्या प्रदेशाचा धागा सापडतो. मध्य प्रांत व वऱ्हाडातील जवस हे एकोणिसाव्या शतकातील महत्त्वाचे निर्यात पीक होते. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत लोहमार्ग आल्यावर ते मुंबई बंदरातून युरोपकडे जाणे सुकर झाले. कापसाच्या जोडीने जवसही साम्राज्याच्या उद्योगांत मुरले. त्यातील कोणते तेल कोणत्या दस्त्यात गेले हे सांगता येणार नाही. परंतु विदर्भातील शेत आणि साम्राज्याचे शस्त्र ही एकाच अर्थव्यवस्थेची दोन टोके होती, एवढे निश्चित.

अस्सलतेचा प्रश्न

दस्ता बदललेली रायफल ‘तीच’ राहते काय? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भदन्त नागसेन यांनी राजा मिलिंदापुढे मांडलेला रथाचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. या अवयवांच्या संयोगाला आपण रथ म्हणतो. रायफलीलाही हे लागू पडते. निर्मितीच्या वेळी धड, नळी, बोल्ट आणि पुढच्या दस्त्याची खालची बाजू यांवर एकच क्रमांक ठोकला जाई. दस्ता बदलल्यास नव्या लाकडावर पुन्हा तो क्रमांक येई. अन्य रायफलीचा दस्ता वापरल्यास जुना क्रमांक रेघेने खोडून नवा ठोकला जाई. हे खोडलेले क्रमांक संग्राहकाला खटकतात, इतिहासकाराला मात्र ते मोलाचे वाटावयास हवेत. एखाद्या मोडी कागदावरील खाडाखोड जशी लेखनप्रक्रिया उघड करते, तद्वत हा खोडलेला क्रमांक शस्त्राचा प्रवास उघड करतो.

मग आज एखाद्या संग्रहालयात वा संस्थेत तुटक्या दस्त्याची रायफल असेल तर काय करावे? येथे दोन भूमिका संभवतात. पहिली, आहे तशी जतन करावी. दुसरी, नवा दस्ता बसवून मूळ रूप दाखवावे. स्मारकांच्या जीर्णोद्धाराविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने असा दंडक घातला की, नवा भाग एकूण रूपाशी सुसंगत असावा, पण तो मूळ भागापासून ओळखता यावा. हाच दंडक येथे उपयुक्त ठरतो. तडा लहान असेल तर सांधावा, ठिगळ लावावे. दस्ता बदलणे अपरिहार्य असेल तर नव्या लाकडाच्या आतील बाजूस वर्ष नोंदवावे, त्यास कृत्रिम काळेपणा देऊ नये, आणि काढलेला दस्ता फेकून न देता नोंदीसह जपावा. जुना दस्ता घासून ‘नवा’ करणे हे सर्वांत घातक होय, कारण त्यात मापांची अक्षरे, कारागिरांच्या मुद्रा आणि क्रमांक कायमचे नष्ट होतात. नवा दस्ता बसविताना जुना निदान शिल्लक राहतो. जुना घासला की काहीच उरत नाही.

यासंबंधी कायदेशीर बाजूही ध्यानी ठेवावी लागेल. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये शस्त्रांची दुरुस्ती हा व्यवसायही परवान्याच्या कक्षेत येतो. सबब असे काम अधिकृत शस्त्र-कारागीर वा संबंधित शासकीय यंत्रणेमार्फतच होणे इष्ट आहे.

निष्कर्ष

१. ली-एनफील्डचा दुभागलेला दस्ता ही केवळ तांत्रिक सोय नव्हती. त्यामुळे दुरुस्ती व बदल शक्य झाले आणि शस्त्राचे आयुष्य वाढले.

२. दस्त्याचे लाकूड, त्यावरील खुणा व दुरुस्त्या यांतून स्थानिक साधनसामग्री, कारागिरांची युक्ती आणि शस्त्राचा प्रवास यांची माहिती मिळते. म्हणून बदललेला दस्ता हाही अस्सल पुरावा मानला पाहिजे.

३. जीर्णोद्धारात जतन, ओळखता येण्याजोगा बदल आणि नोंद ही त्रिसूत्री पाळावी.

४. या कारागिरीचे ज्ञान हातात राहिले, पुस्तकात फारसे उतरले नाही. आयुध निर्माणी मंडळाचे १ ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्यांत विभाजन झाले असून पोलीस दलांतूनही ही रायफल निवृत्त होत आली आहे. अशा वेळी निवृत्त शस्त्र-कारागिरांच्या मुलाखती घेणे हे महाविद्यालयीन इतिहास विभागांना सहज करण्याजोगे आणि तातडीचे कार्य आहे.

रायफल आणखी शंभर वर्षे काचेच्या कपाटात राहील. परंतु काजळीचा डाग पाहून किती खरवडायचे आणि कोठे थांबायचे, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस तोवर राहणार नाही. गावगाड्यातील सुताराची स्मृती बलुत्याच्या हिशेबात तरी उरली. शस्त्रागारातील सुताराची तेवढीही उरली नाही. त्याने बसविलेला तो फिकट दस्ता पुन्हा कोणा छात्राच्या हाती आला, तर असे का, हा प्रश्न त्याने विचारावा आणि त्याला उत्तर देणारा एक तरी अध्यापक तेथे असावा, एवढीच अपेक्षा.